मागच्या सीटवरचा रियाज

अमेरिकेत आमच्या पिस्कॅटवे गावच्या लायब्ररीत बँजो, व्हायोलिन आणि गिटार घेऊन तीन भावंडांचा बँड आला होता. नव्या अल्बमच्या सीडी दाराजवळच्या टेबलावर त्यांची आई विकत होती. गावोगाव व्हॅनही तीच चालवायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती शांतपणे सीडी मांडत होती, पण गाताना पोरांपैकी कुणी श्वास घेतला, की तिचेही खांदे किंचित वर जायचे.

एकाचा श्वास संपला, की नेमका तिथेच दुसरा सूर उचलायचा. न राहवून मी विचारलं, "इतकी प्रॅक्टिस करतात कधी?"

"प्रॅक्टिस?" ती खळखळून हसली. "लहानपणापासून मागच्या सीटवर भांडतायत. दुसरा श्वास कधी घेतो यावर टपून बसायचं आणि मध्ये घुसायचं. मी ओरडून ओरडून थकले. आता लोक टाळ्या वाजवतात!"

घरी जाताना गाडीत तीच सीडी लावली, तर मागे आमच्या दोन्ही पोरांची जुंपली. "बाबा, शी स्टार्टेड इट!"

"अरे, गप्प कर ना त्यांना," बायको वैतागली.

मी सीडी बंद केली. म्हटलं, "थांब गं. लेकीची एंट्री ऐक, काय अचूक आहे!"