खवणीचे वारस

आपल्या मागं राहणाऱ्या चीजवस्तू वाटून टाकण्यात आमच्या चाचांइतका उदार माणूस अख्ख्या सौदीत झाला नसेल, आणि वाटलेलं दुसऱ्या दिवशी परत घेण्यात त्यांच्याइतका निर्लज्जही. रियाधच्या कडेला, अल सुलैमध्ये, नळ आणि पाइपांच्या एका गोदामामागं आमची खोली होती. चाचा त्या गोदामाचे स्टोअरकीपर, मी अकाउंटंट आणि सोलापूरचा अण्णा इलेक्ट्रिशियन. चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, वयानं आम्हा दोघांना बापाच्या जागी. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. ‘आमच्यात वसियत तोंडी केली तरी चालते, दोन साक्षीदार असले की झालं,’ असं त्यांना कुणीतरी मशिदीत सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या जेवणाची चव गेली. कारण साक्षीदार आम्ही दोघं. हिंदू साक्षीदार चालतात का, या शंकेचा निकाल चाचांनी स्वतःच लावून टाकला होता. ‘खोटं बोलताना तुम्हा दोघांचे कान लाल होतात. मला तेवढं पुरे.’

त्यांच्या इस्टेटीत एक टेपरेकॉर्डर, एक थर्मास, एक काश्मिरी म्हणून घेतलेली लुधियानी शाल आणि एक नारळाची खवणी होती. बाकीच्या वस्तूंचं राहू द्या, पण खवणी म्हणजे आमच्या खोलीची राणी. शिसवी पाट, त्यावर नागासारखं वळलेलं पातं आणि पुढं दाते. ती त्यांनी मुंबईहून विमानात मांडीवर घेऊन आणलेली. तिथल्या कस्टमवाल्यानं ‘हे कसलं हत्यार?’ म्हणून अडवलं, तेव्हा अरबी येत नसलेल्या चाचांनी विमानतळाच्या फरशीवर पाट टाकून बैठक मारली आणि हवेतला नारळ दोन्ही हातांनी खवून दाखवला. नुसता खवला नाही, त्याचं दूध काढलं, कालवणात घातलं आणि बोटं चाटली. मागची रांग हसायला लागली, कस्टमवाला म्हणाला ‘खलास, खलास,’ आणि खवणी सौदीत शिरली. बत्थाच्या बाजारातून आणलेल्या नारळाचं सुरमईचं कालवण चाचा करत, तेव्हा शेजारच्या खोलीतली माणसं विनाकारण आमची खुशाली विचारायला येत.

तर ही खवणी कुणाची, हे त्या दिवशीच्या स्वयंपाकावर ठरे. भांडी मी घासली की चाचा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणत, ‘ऐका दोघं. मी गेलो की खवणी हिशेबनीसाची.’ हिशेबनीस म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून मीठ जास्त पडलं की लगेच, ‘हा कटाप! खवणी अण्णाची.’ अण्णानं घोरून झोपमोड केली की तोही कटाप, आणि खवणी गोदामाच्या मांजरीला. एकदा रागाच्या भरात त्यांनी ती आमच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या परवान्यावर आम्ही तिथं राहत होतो त्या शेटजींना देऊन टाकली. मग आपणच इतके घाबरले, की आंघोळ करून येऊन आम्हाला उठवलं आणि ती वसियत रद्द करून घेतली.

पुढं कुवेतवरून लढाई सुरू झाली आणि चाचांच्या उदारपणाला ऊत आला. उत्तरेकडून क्षेपणास्त्रं येणार, विषारी वायू येणार, खिडक्यांना टेप लावा, असा हुकूम सुटला. गोदामात टेपांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले. पण पहिला भोंगा कोकलत असतानाही चाचा दारात आडवे उभे. ‘मॅनेजरची सही कुठाय? सहीशिवाय स्टोअरमधून माल निघत नाय.’ अण्णा म्हणाला, ‘चाचा, आपण मरू की हो!’ ‘मरा, पण स्टॉक बरोबर ठेवून मरा.’ शेवटी मीच घाईघाईनं मॅनेजरची सही ठोकली. चाचांनी ती उजेडात धरून पाहिली, ‘माझ्यापेक्षा बरी करतोस’ म्हणाले आणि टेप दिली.

कंपनीनं आम्हाला वायूपासून बचावाचे मास्क दिले होते. एकदा ऐन जेवणात भोंगा झाला. आम्ही मास्क चढवून भिंतीला पाठ लावून बसलो, आणि चाचांनी एक बोट वर करून वसियत सुरू केली. मास्कच्या आतून नुसतं घूं घूं. बराच वेळ चाललं. मध्येच थर्मासकडे हात, मध्येच छातीवर हात. आम्ही गंभीरपणे माना डोलावत होतो. भोंगा थांबल्यावर मास्क काढून त्यांनी विचारलं, ‘बोला, काय काय म्हटलं मी?’ अण्णा बेरकी. ‘खवणी मला,’ म्हणाला. चाचांनी त्याचे कान पाहिले. लालबुंद. ‘हराम्या! दोघंही कटाप.’

या सगळ्या वाटावाटीत एक गोष्ट मात्र कधी यायची नाही. चाचांनी गावात जांभ्या दगडाचं घर बांधलं होतं. सारी जवानी त्या वाळवंटात भाजून घेतली ती त्या घरासाठी. आता त्यात त्यांची भाभी एकटी राहायची. भाभी म्हणजे मोठ्या भावाची विधवा. आई गेल्यावर चाचांना तिनंच न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, प्रसंगी बडवलं. तिला ना माहेर उरलेलं, ना पोर. एका दुपारी अण्णा कामावर गेला होता आणि चाचा टेपरेकॉर्डरची वाटणी घेऊन बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘चाचा, ते डबडं राहू दे. घराचं काय करणार?’

चाचांनी टेपरेकॉर्डर खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, ‘काय करू, सांग. काही न बोलता मेलो तर सगळं घर धाकट्या भावाचं. तो मुंबईत असतो, वाईट नाय रे, पण घर विकून फ्लॅट घ्यायचं मनात धरून बसलाय. आणि बोलून मेलो तरी वसियतीत तिसऱ्या हिश्श्याच्या वर देता येत नाय. तिसऱ्या हिश्श्यात भाभीला काय येणार? पडवी आणि न्हाणी?’

‘मग जिवंतपणीच तिच्या नावावर करा की.’

‘त्याला हिबा म्हणतात. मौलवींना विचारून झालंय माझं,’ चाचा उसळले. ‘हिबा करायचा तर ताबा सोडावा लागतो. किल्ली तिच्या हातात आणि आपण उंबऱ्याबाहेर. मग मी कोण? पाहुणा? या भट्टीत माझे केस गेले, दात गेले, ते काय पाहुणा व्हायला? तू कटाप! आजचा नाय, कायमचा!’ आणि कोपऱ्यातली खवणी उचलून पलंगाखाली सारली.

मला त्यांचा राग नाही आला, खरं सांगतो. आम्ही सगळेच तिथं कुठल्या तरी चार भिंतींसाठी राबत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सुलैच्या पलीकडं एक क्षेपणास्त्र पडलं. आम्हाला खरचटलंही नाही, पण गोदामातली वॉशबेसिनं मांडणीवरून धडाधड खाली आली. धूळ बसल्यावर आम्ही चाचांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. आता वसियत होणार, शाल कुणाला, थर्मास कुणाला. पण वसियत झालीच नाही. चाचा फुटक्या बेसिनांमध्ये उकिडवे बसून राहिले. मग एक तुकडा उचलून म्हणाले, ‘मी आज गेलो असतो तर भाभी उद्या कुठं गेली असती रे?’

लढाई थांबली, विमानं सुरू झाली, आणि चाचा पहिल्या रजेवर गावी गेले. परत आले ते खजूर खाल्ल्यासारखं तोंड करून. ‘पाहुणा होऊन आलो,’ म्हणाले आणि सगळी हकीकत साभिनय सांगितली. मौलवी आणि शेजारी बोलावले. सर्वांसमक्ष घर भाभीला दिलं, किल्ली तिच्या हातात ठेवली, स्वतःची बॅग उचलली, उंबरा ओलांडला आणि अंगणातल्या फणसाखाली जाऊन बसले. बसले ते बसलेच. शेवटी भाभी दारात आली. ‘चहा निवतोय. आत या.’ चाचा म्हणाले, ‘कुणाच्या घरात?’ भाभी म्हणाली, ‘माझ्या. आणि चपला बाहेर काढा, आत्ताच सारवलंय.’ हे सांगताना चाचा इतके हसले, इतके हसले, की डोळे पुसायला त्यांना ती लुधियानी शाल घ्यावी लागली.

पुढं चाचा कायमचे गावी गेले, आणि काही वर्षांनी त्याच घरात, पाहुणे म्हणूनच, वारले. मला कळलं तेव्हा मी सौदी सोडून चिपळूणला आलो होतो. भेटायला गेलो. भाभी फार थकल्या होत्या, पण ताठ होत्या. धाकटा भाऊ मयताला येऊन पाहुण्यासारखा राहून गेला, असं त्यांनी सांगितलं. मग आतून खवणी आणून माझ्यापुढं ठेवली.

मी म्हटलं, ‘भाभी, ही माझी नाही. मला त्यांनी कायमचं कटाप केलं होतं.’

‘ठाऊक आहे मला,’ भाभी म्हणाल्या. ‘शेवटी शेवटी सांगत होते. म्हणाले, हिशेबनीस येईल, नाही म्हणेल. त्याला सांगा, कटाप केलं त्या दिवशी दुसरा साक्षीदार कामावर गेला होता. ते धरायचं नाही.’

खवणी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं त्या पात्याकडं बोट केलं. ‘हे काय हो?’ हवेत एक नारळ खवून दाखवावा म्हणून मी हात उचलले, पण ते काही मला जमेना.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘वडिलोपार्जित आहे.’