उलटा बिल्ला

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मी शब्दांविषयी लिहावं हा आगाऊपणाच, क्षमा असावी. पण वसतिगृहाच्या दोरीवर कुणाचा तरी एनसीसीचा खाकी शर्ट वाळतो आहे, आणि माझे काका काही दिवसांपासून घरी परतलेले नाहीत.

इंग्रजीच्या सरांनी परवा सांगितलं, 'हिपोक्रिट' हा मुळात ग्रीक शब्द. अर्थ होता नट, मुखवटा लावून रंगमंचावर बोलणारा. पुढे तोच शब्द ढोंग्याला लावू लागले. सर पुढच्या धड्यावर गेले, मी त्या शब्दापाशीच राहिलो.

काका बहुरूपी आहेत. पोलिसाचं सोंग घेऊन ते दारोदार फिरतात आणि दरडावतात, "पाटील, वॉरंट आहे तुमच्यावर. सासूबाईंची तक्रार आलीय, जावई हसत नाही म्हणून." मग घरातलं कुणीतरी हसतच सूपभर जोंधळे घेऊन येतं. छातीवरचा बिल्ला ते मुद्दाम उलटा लावतात. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सोंगात एक चूक ठेवावी, पोरा. समोरच्याला कळलं पाहिजे, आपण त्याला फसवत नाही."

नटाचा ढोंगी कधी झाला असेल? बहुधा बघणारे हसायचे थांबले तेव्हा.

शर्ट अजून ओलाच होता, तेव्हा घरून आबांचा फोन आला. परक्या गावात तोतया पोलीस समजून लोकांनी काकांना मारलं. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

"बिल्ला उलटा नव्हता का, आबा?"

"होता की," आबा म्हणाले. "त्यावरूनच ओळखलं म्हणे, खोटा आहे."