टबाची जरुरी

हिलाल पाटलांना इंग्रजी येत नव्हते आणि त्याचे त्यांना कधी वाईटही वाटले नव्हते. शिरपूर तालुक्यातल्या अनेरकाठच्या त्यांच्या गावात इंग्रजी लागायचे तरी कोणाला? पण १९२८ च्या हिवाळ्यात प्रांतसाहेबांनी गावच्या आमराईत तीन दिवस तंबू ठोकले, आणि जाताना आंघोळीचा पत्र्याचा टब विसरून गेले.

सरकारी वस्तू. पाटलांनी जीवराम मास्तरांकडून अर्ज लिहवून धुळ्याच्या कचेरीत धाडला: साहेबांचा टब इथे राहिला आहे, त्याचे काय करावे? पंधरा दिवसांनी उत्तर आले. इंग्रजीत, एकच ओळ.

"प्लीज डू द नीडफुल," मास्तरांनी वाचले. मग चष्मा पुसून म्हणाले, "कृपया जे जरुरीचे असेल ते करावे."

"कोनले जरुरीचं? टबले?"

मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हते. "पत्र टबाबद्दल आहे, म्हणजे टबालाच."

टबाची जरुरी काय असते, यावर चावडीत दोन दिवस खल झाला. साहेबांचा खानसामा रोज सकाळी त्यात दोन हंडे कढत पाणी ओतायचा, हे साऱ्यांनी पाहिले होते. तेव्हा तेच सुरू झाले. पाटलीणबाई धुरपदाबाई पाणी तापवून टब भरायच्या, आणि निवले की वांग्यांना घालायच्या.

आठ दिवस गेले, पण पाटलांना चैन पडेना. नुसते पाणी म्हणजे अर्धीच जरुरी. आत माणूस नको? आणि साहेबांच्या जागी बसायचे तर सरकारचाच माणूस हवा. ते धोतरासकट आत उतरले. पागोटे मात्र काढले नाही, कामावर होते.

"लोके हासतीन," धुरपदाबाई म्हणाल्या.

"हासोत. हुकूम शे."

कोणी हसले नाही. उलट लोक तक्रारी घेऊन तिथेच येऊ लागले, कारण कढत पाण्यात पाटलांचा स्वभाव मवाळ व्हायचा. यशोदाबाई आणि भाईदास यांचा बांधाचा तंटा सात वर्षे चालला होता, तो पाणी निवायच्या आत मिटला. बायका तर आंघोळीच्या पाण्यालाच नीडफुल म्हणू लागल्या. "नीडफुल तपनं का वं?" अशी हाक घराघरातून ऐकू येई. लग्न होऊन चोपड्याकडे गेलेल्या पोरींनी तो शब्द सासरी नेला.

तिसऱ्या वर्षी नवे प्रांतसाहेब घोड्यावरून आले. पाटील टबात होते, समोर फळीवर जन्ममृत्यूचे पुस्तक उघडे. ओल्या धोतराने उठणे बरे दिसले नसते, म्हणून त्यांनी बसूनच रामराम केला. साहेबांनी पत्र मागवले. वाचले. पुन्हा वाचले.

"याचा अर्थ, टब धुळ्याला पाठवा," ते म्हणाले.

"पाठवा असं लिखेल नही, साहेब."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी काखेतला शब्दकोश अदबीने पुढे केला. साहेबांनी ते पान काढले, बोट लावून वाचले. नीडफुल होते, धुळे कुठेच नव्हते.

तरी टब गाडीत चढवण्याचा हुकूम झालाच. पाणी ओतून टाकण्याबद्दल साहेब काही बोलले नव्हते, म्हणून भरलेलाच चढवला. सहा गडी लागले. हिलाल पाटील एका हाताने काठ धरून गाडीबरोबर चालत गेले. पाणी हिंदकळून सांडे, तसा त्यांचा जीव खालीवर होई. गावाच्या शिवेवर त्यांनी आत हात घालून पाहिला. अजून कोमट होते.

"हळू हाक, भाऊ," ते गाडीवानाला म्हणाले, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत पागोटे सावरत उभे राहिले.