पश्चिमेच्या खिडकीची झडप

"यंदा जत्रेला येऊ नका. मे महिन्यात या आणि खिडकीतलं ऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. झडप लावायची की नाही ते मग ठरवू."

मांद्र्याहून कमलाक्षी नवऱ्याला दरवर्षी असं लिहायची. गोवा मुक्त झाल्यावर शंभू बोटीवर स्वयंपाकी म्हणून लागला होता. रजा घ्यायचा ती गावच्या जत्रेसाठी, म्हणजे डिसेंबरातच. तेव्हा सूर्य शेजाऱ्यांच्या घरामागे मावळायचा आणि तिच्या चुलीपाशी सावली असायची.

"खंय आसा गो तुझा ऊन?" तो हसायचा. स्वतःला न दिसलेलं ऊन मानायचंच नाही, हा पुरुषी खाक्या.

"पृथ्वी कललेली आहे, शाळेत मी हेच शिकवते," ती चिडायची. "आत्ता आपली बाजू सूर्यापासून लांब कललीय, म्हणून तो दक्षिणेकडे मावळतो आणि दिवसही लवकर संपतो. मे महिन्यात ती त्याच्याकडे कलते. मग तो उत्तरेला सरकतो, ते घर ओलांडतो आणि चुलीपाशी थेट माझ्या डोळ्यांत येतो."

"मास्तरणीबाय, तुमी जत्रा मे महिन्यात आणा, मगे मी येतंय."

शेवटी एका वर्षी त्याने मे महिन्याची रजा घेतली. पण मार्चमध्येच परक्या बंदरातल्या इस्पितळात तो वारला.

मे महिन्यात बाबुराव सुतार आपणहून आला. "वहिनी, झडप बसवून देतो."

"नको, बाबुराव. त्यांनी बघून मग ठरवायचं, असं आमचं बोलणं झालं होतं."

संध्याकाळी एका हाताने डोळे झाकून तिने एकटीपुरती पेज ढवळली.