चार इंच खाली

कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत माझ्या तोंडाची ख्याती आहे. कोणाचं काही चुकलं की मी दारात उभी राहून सांगते आणि ते चौथ्या घरापर्यंत ऐकू जातं. अशा बाईनं तीन महिने एक गोष्ट पोटात ठेवली, यावर माझ्या बहिणीचाही विश्वास बसला नसता. ती गोष्ट म्हणजे नवऱ्याच्या उजव्या हाताला सुटलेला कंप.

आमचे हे पॅटर्न मिस्त्री. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो, तो करणारे. सगळी नोकरी उद्यमनगरातल्या कारखान्यांत झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हत्यारं मांडली आणि पै-पाहुण्यांसाठी देव्हारे, चौरंग, फोटोच्या चौकटी करू लागले. दुसऱ्याच्या कामात अर्ध्या मिलिमीटरची फट दिसली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. असा माणूस.

हात थरथरायला लागला तेव्हा ते एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले. ‘वयाचं हाय म्हणाला, गोळी दिलीया,’ एवढंच सांगितलं. कपातला चहा बशीत सांडू लागला म्हणून मी कप अर्धा भरायला लागले. त्यांनीही अर्ध्या कपाबद्दल कधी विचारलं नाही. या विषयावर आमचं बोलणं झालं ते इतकंच.

मग भाचीच्या वास्तुशांतीसाठी त्यांनी फोटोची एक चौकट करायला घेतली. चारही कोपरे पंचेचाळीस अंशात कापून जुळवायचे होते. मी शेडमध्ये डोकावले तर ते कोपऱ्यातल्या फटीत भुसा आणि डिंक भरत होते. मला बघताच चौकटीपुढे आडवे उभे राहिले. मी काहीच न बघितल्यासारखं करून परत फिरले, आणि मोरीत जाऊन पाय धूत बसले, उगीचच.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मायटर सॉ घ्यावं म्हणतो. हँडल खाली ओढलं की गोल पातं उतरतंय आणि कोन बिनचूक पडतोय. हाताचा काय संबंधच न्हाय.’

हाताचा संबंध नाही म्हणे! एक हात हँडलवर, दुसरा लाकडावर, आणि मध्ये गरगर फिरणारं दातेरी पातं. मला तर त्या रात्रीपासून पाची बोटं डोळ्यांसमोर दिसायला लागली. पण बोलायचं कसं? ज्या हातानं घर उभं केलं, त्या हाताला ‘आता तुझ्याच्यानं होत नाही’ असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी तीन महिने खाल्ला.

शेवटी त्यांनी दुकानात जायचा दिवस ठरवला. आदल्या दिवशी मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि रिक्षा करून थेट उद्यमनगरात त्यांच्या ओळखीच्या मशीनच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘काहीही कारण सांगा, पण ह्यांना मशीन देऊ नका.’

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘वैनी, निवांत ऱ्हावा. मी बघतो की.’

आता कोल्हापूरच्या माणसाला भांडायला सांगावं, कुस्ती धरायला सांगावं, पण खोटं बोलायला सांगू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही पायरी चढलो आणि त्यानं सुरुवात केली. ‘मिस्त्री, मशीन कशाला? लई धूळ उडतीया. आवाज तर इचारू नका. लाईट बिल बी येतंय.’

‘दुकान चालवायलाईस का बंद करायलाईस?’ हे म्हणाले. दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की चोरी तिथंच पकडली गेली असती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड घातलं.

ह्यांनी पिशवीतून स्वतःचा गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी साधन. तीन मशीन टेबलावर घेतली आणि प्रत्येकाचं पातं सरळ उतरतं का, ते गुण्या लावून बघितलं. हात थरथरत होता म्हणून गुण्या पात्याला लागून टकटक वाजत होता. मला ते ऐकवेना. पहिल्या मशीनला पात्यावरची झाकण-पट्टी ढिली होती, ते बाजूला. दुसरं फार जड. तिसऱ्याला लाकूड आवळून धरणारा क्लॅम्प होता. ‘लाकडाला हात लावायचं कामच न्हाय,’ म्हणत त्यांनी तो चारदा आवळून सोडून बघितला आणि तेच ठरवलं.

मग स्टँड. दुकानदारानं चाकांचा, जाड लोखंडाचा एक पुढे ओढला. माझ्याशी ठरलेलं तो एव्हाना पार विसरला होता. ‘मिस्त्री, ह्यो घ्या. तुमच्या उंचीला फिट्ट. वाकाय लागणार न्हाय.’

‘पाय खाली-वर हुत्यात काय ह्याचं?’

‘न्हाईत. पर तुमाला कशाला?’

ह्यांनी मान हलवली आणि कोपऱ्यातला साधा, पिना काढून पाय कमीजास्त करता येणारा स्टँड मागितला. मशीन वर चढवलं. दुकानदारानं तो ह्यांच्या कमरेच्या उंचीला लावला.

‘चार इंच खाली घे.’

‘अवो, पाठ जाईल की तुमची!’

‘माझी कशाला जाईल? चालवणार ही हाय.’

मला काही समजायच्या आत त्यांनी मला मशीनपुढे उभं केलं आणि माझा हात हँडलवर ठेवला. ‘खांदा वर जातोय का? न्हाय न्हवं? मग बरोबर हाय.’ आणि दुकानदाराला म्हणाले, ‘चाळीस वर्सं ब्लाउज बेततीया ही. एकदा बी कापड वाया घालवलं न्हाय. मोजणार मी, कापणार ही.’

माझा जीव असा भांड्यात पडला की मला खाली बसावं लागलं. दुकानदारानं लाकडी खोकं सरकवलं, पाणी दिलं. तीन महिन्यांचं ओझं उतरलं की माणूस देवाचे आभार मानतो. मी मात्र भडकले.

‘हे आधी सांगायला काय झालं होतं?’ माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. ‘रात्र-रात्र झोप नाही मला! तीन महिने!’

ते गुण्या फडक्यात गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, ‘पयलं मलाच चालवायचं हुतं. वाट बघत हुतो, तू कवा वरडशील. पाण्याच्या नळावर वरडतीस, मांजरावर वरडतीस. माझ्या हातावर एक शब्द न्हाय. तू गप बसलीस तवा समजलो, आपला हात गेला.’

दुकानदार उगीच बिलाचं पुस्तक शोधायला लागला. मी उठले, पदरानं तोंड पुसलं आणि त्यांचा तो हात धरला. थरथरत होता, धरला तरी थांबला नाही.

‘मशीन चालू असताना चार हात लांब उभं राहायचं,’ मी म्हटलं. ‘चष्मा लावल्याशिवाय शेडमध्ये यायचं नाही. आणि गोळी वेळेवर घ्यायची. मध्ये दोन दिवस चुकवली होती, मला माहीत आहे.’

‘आनी?’

‘आणि आणखी बरंच आहे. घरी जाऊस्तोवर पुरेल.’

‘मग बोल की,’ ते म्हणाले आणि पायरीवर येऊन रिक्षावाल्याला हात केला.