आई रेडिओवर बोलली तेव्हा

आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो की बारावं, चार माणसं जमली की मी सुरू होतो आणि बायको डोळ्यांनी आवरा म्हणते. त्यामुळे आमच्यापैकी कुणी आयर्लंडच्या रेडिओवर बोललंच, तर तो मीच असणार, अशी माझी भाबडी समजूत होती. बोलली आई.

२०२० च्या सुरुवातीला ती नागपूरहून आमच्याकडे आयर्लंडला, सिटीवेस्टमध्ये राहायला आली आणि विमानं बंद झाली. आम्ही नवराबायको लॅपटॉपला चिकटलेले, लेकीची शाळाही स्क्रीनवर. आईच्या वाट्याला आलं स्वयंपाकघर आणि तिथला रेडिओ. सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात लोक फोन करून काहीही बोलत. टोमॅटो सॉस फ्रिजमध्ये ठेवायचा की इथल्या भाषेत प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, यावर एकदा कडाक्याचं भांडण झालं. मग सरकार, मग निर्बंध, मग कुठलासा गोळीबार, की पुन्हा सॉस. निवेदकाचा सूर तोच.

"या पोट्ट्याले सगळं सारखंच वाटते काय रे?" आई विचारायची. पोट्टा पन्नाशीचा तरी असावा.

थंडी सुरू झाली तेव्हा युरोपातल्या एका शहरात अतिरेक्यांनी हल्ला केला. निवेदक म्हणाला, अशा हिंसेत ज्यांनी आपलं माणूस गमावलंय, त्यांनी फोन करा. आईनं पदराला हात पुसले, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बसली असेल देवाचं करत, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं लेक किंचाळली, "बाबा! आजी इज ऑन द रेडिओ!"

आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, मुंबईत नोकरीला होता. मी शाळेत असताना तो बाजारातल्या बॉम्बस्फोटात गेला. आमच्याकडे याहून जास्त कुणी कधी बोललं नाही. मी तर प्रत्येक मेलेल्या नातेवाइकाचा एखादा किस्सा बाळगून असतो. मामाचा एकही नव्हता.

आईचा आवाज आधी भिंतीपलीकडून येत होता आणि काही क्षणांनी तोच रेडिओतून. बँकेत नोकरी करताना कमावलेल्या इंग्रजीत ती एकेक वाक्य जपून मांडत होती.

"मी भावाकडे गेले होते. चपला घेतल्या. घरी येऊन पाहते तर लहान. मीच म्हटलं, बदलून आण. तो तेवढ्यासाठी बाजारात गेला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"ज्यांनी हे केलं, त्यांच्याबद्दल आज काय वाटतं तुम्हाला?" निवेदकानं आवाज मऊ करून विचारलं.

"त्यांना मी ओळखत नाही. मी भावाचं सांगतेय."

"पण तुम्ही त्यांना माफ करू शकलात का?"

"तो जेवूनही गेला नव्हता," आई म्हणाली. "आल्यावर जेवतो म्हणाला."

फार हृदयस्पर्शी, निवेदक म्हणाला, आभार मानले, आणि बातम्यांची वेळ झाली. आधी सोफ्यांच्या सेलची जाहिरात लागली.

भिंतीपलीकडे आई बोलतच होती. लाइन कापल्याचं तिला कळलं नसावं. इंग्रजी कधीच सुटलं होतं. मी रेडिओ बंद केला.

"पोलिसांनी पिशवी आणून देली. चपला होत्या तीत. बदलून घेतल्या होत्या त्यानं. पायात घालून पाह्यल्या तं बरोब्बर मापाच्या. अजून आहेत माझ्याजवळ. कधी घातल्या नाही. आता तुम्हीच सांगा, घालाव्या का तशाच ठेवाव्या?"

आम्ही तिघं ओट्यापाशी उभे होतो.

"हॅलो?" आई म्हणाली. मग थोड्या मोठ्यानं, "हॅलो?"