अल्व्हीनासाठी धुराविना ऊब

मेन राज्याच्या अगदी उत्तरेला, फोर्ट केंटजवळ राहणाऱ्या लिओनीद थिबोडोने पन्नास वर्षं घर लाकडाच्या शेगडीवर ऊबदार ठेवलं. त्याची बायको अल्व्हीना हिची फुप्फुसं निकामी होत आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "घरात धूर नको, आणि उन्हाळ्यात उकाडाही नको." तिला इस्पितळातून आणायच्या आधी घरातली ऊब-गारव्याची सोय बदलून घ्यायचं ठरलं. गेताँ नावाच्या कारागिराला मार्चमधल्या एका सोमवारी बोलावलं होतं.

ठरल्या वेळी तो आला. लिओनीदने त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

खिडक्यांच्या फटी चाचपून गेताँ म्हणाला, "काका, आधी माळ्यावर इन्सुलेशन भरू. नाहीतर कसलंही यंत्र आणा, ऊब छपरातून पळणार. मग हीट पंप. थंडीत गरम हवा, ऑगस्टात गार. तळघरातला तेलाचा जुना बॉयलरही राहू दे. पारा फारच उतरला की लागेल."

"आणि शेगडी?"

"वीज गेली तर हवीच. एरवी पेटवायची नाही हं! काकूंना ठसका लागला, तर मला फोन करून झापतील."

लिओनीद हसला नाही.

"यंत्र कुठे लावू? काकू झोपणार कुठे?"

"खालीच, खिडकीपाशी. जिना चढवत नाही तिला. तोंडावर वारा आला की घुसमटते. पाय मात्र गार पडतात."

गेताँने लिहून घेतलं. "मग बाजूच्या भिंतीवर लावू. कधी येतायत घरी?"

"गुरुवारी गेली ती," लिओनीद म्हणाला. "जमीन गोठलीय. पुरायचं मे महिन्यात."

गेताँची पेन्सिल थांबली. "अहो काका, मघाशीच सांगायचं ना! मी काय वाटेल ते बोलत बसलो."

"तू विचारलंस, मी सांगितलं. कॉफी घे."

"एकट्याला एवढं लागणार नाही तुम्हाला. नुसतं माळ्याचं काम करू."

"नाही. ठरलंय तसंच कर."

एप्रिलअखेर काम झालं. लिओनीद सवयीने पहाटे शेगडीसाठी उठायचा, ऊबदार खोलीत नुसता उभा राहायचा आणि परत जाऊन पडायचा. मे महिन्यात अल्व्हीनाला पुरलं, तेव्हाही त्याला रडू आलं नाही. लोक खांद्यावर हात ठेवत होते. तो खांदा दुसऱ्याच कुणाचा तरी असावा, असं त्याला वाटलं.

ऑगस्टात उकाडा असह्य झाला. अल्व्हीनाची थोरली बहीण ब्लाँश धापा टाकत दारात आली. लिओनीदने तिला आत बसवून गार हवा सुरू केली. तासाभराने तिचा श्वास सावरला.

"लिओनीद, आज इथेच राहू का रे?"

"राहा की," तो म्हणाला, आणि दोघांपुरते बटाटे सोलायला बसला.